खांडीचा चिखल

लग्न होऊन मी कोपरला आले तेव्हा मला शेतीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. माहेर ठाण्याचं, कोपरीचं. वडील पोस्टात. तांदूळ डब्यात असतात एवढंच मला ठाऊक. यांची नेमणूक गावच्या शाळेवर झाली आणि आम्हांला राहायला जागा मिळाली ती तुळसाबाईंच्या घरात, ओटीला लागून असलेली एक खोली. स्वयंपाक मात्र मागच्या पडवीत, त्यांच्या चुलीशेजारी माझी चूल. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्या मला दिसत आणि मी त्यांना. मला त्या मास्तरीनबाय म्हणत, मी त्यांना तुळसाबाई.

उंच, सुकी बाई. पाऊस सरला की मिठागरावर आणि पावसात शेतावर, असं जन्मभर केलेलं, त्यामुळे हाताची बोटं कायम तडकलेली. नवरा भिवा आम्ही येण्याच्या आदल्या वर्षी तापानं गेला होता. मूल नव्हतं. पण "मूल नाही" असं त्यांना कोणी म्हटलं तर राग यायचा. म्हणायच्या, "काळू काय मग दगड हाय?"

काळुराम म्हणजे त्यांचा दीर. सासू वारली तेव्हा तो रांगत होता आणि तुळसाबाई नुकत्या लग्न होऊन आलेल्या. त्यांनीच त्याला वाढवलं. आता त्याचं लग्न होऊन त्याला चार पोरं झाली होती, घर शेजारीच होतं, तरी दुपारी शेतावरून आला की आधी वहिनीच्या पडवीत बसायचा. त्या त्याच्या पुढ्यात भात वाढायच्या, वर कालवण घालायच्या, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहायच्या. मग तो घरी जाऊन पुन्हा जेवायचा. त्याची बायको गोदा कुंपणापलीकडून म्हणायची, "आमचा नवरा दोन घरचा पाहुना. दोन्हीकडं वाढा, दोन्हीकडं भांडी घासा." आणि हसायची. भांडण म्हणून नव्हे. मला ते सगळं फार गोड वाटायचं. माझ्या माहेरी भाऊसुद्धा एकमेकांकडे असे जात नसत.

गावाच्या मागे खाडी. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून मोठा बांध घातलेला, आणि बांधाच्या आत भाताची शेतं. भिवाचं शेत वरच्या अंगाला, काळुरामचं त्याच्या खाली, मध्ये एक लहान बांध. त्या बांधाला पाणी जायला एक तोंड ठेवलेलं असतं, त्याला खांड म्हणतात. पाणी राखायचं असेल तेव्हा चिखल आणि पेंढा दाबून खांड बंद करतात, सोडायचं असेल तेव्हा उघडतात. वरच्याचं पाणी असं खालच्याला मिळतं.

त्या गावात एक रीत होती. लावणी, बेणणी, कापणी, भारे वाहणं, सगळं बायका करत, पुरुषांच्या बरोबरीनं, कधी जास्तच. पण खांडीच्या चिखलाला बाईनं हात लावायचा नाही. तो घरच्या पुरुषानं भरायचा आणि पुरुषानंच काढायचा. गावदेवीची आण आहे म्हणत. मी एकदा तुळसाबाईंना विचारलं, लावला तर काय होतं?

"बाईच्या हातची खांड टिकत नाय बोलतात."

"खरंच?"

"कोनी करून बघितलीय? मी तरी नाय."

भिवा गेल्यावर शेताचा प्रश्न निघाला. काळुराम म्हणाला, "वयनी, तू आता घरी बस. दोन्ही शेतं मी करतो. तुझे तांदूळ तुला आनून देतो." बोलणं वाईट नव्हतं. पण तुळसाबाईंना ते नको होतं. मला त्या म्हणाल्या, "आनून दिलेलं खाल्लं की मी कोन झाले? पाहुनीच ना. आज काळू देईल, उद्या त्याची पोरं देतील, नाय तर विसरतील. शेत माझ्या हातात र्‍हायलं तर मी घरवाली हाय."

शेवटी गावदेवीच्या देवळात चार माणसं बसली. दगडूनाना पाटील मोठे, त्यांनी सांगितलं की या पावसात तुळसानं शेत करावं. भिवानं विणलेली कणगी आहे, ती तिच्या भातानं भरली तर शेत तिच्याच हाती राहील, कोणी बोलायचं नाही. नाही भरली तर शेत काळूनं करायचं आणि वहिनीला पोसायचं. दोघांनीही देवीपुढे फूल ठेवलं. काळुराम तिथं म्हणाला ते मी स्वतः ऐकलं. "माझी वयनी करील. नाय जमलं तर मी हाय ना मागं."

त्याच सुमाराला गावात मारुती येऊ लागला. सरकारनं नेमलेला ग्रामसेवक, घाटावरचा पोरगा, खाकी अर्धी विजार आणि सायकल. जपानी पद्धतीनं भात लावा म्हणून तो गावोगाव सांगत फिरायचा. दोरी धरून ओळीत लावा, मग उभ्या पिकाला वरखत द्या. एका शेतात करून दाखवायला त्याच्याकडे बियाणं होतं, खत होतं, पण गावात शेत कोणी देईना. तुळसाबाई म्हणाल्या, माझं घे.

खताची गोणी आली त्या दिवशी अर्धा गाव आमच्या ओटीवर जमला. मारुतीनं गोणीचं तोंड उसवलं. आत पांढरं, दाणेदार. सगळे एकमेकांकडे बघू लागले. ज्या गावानं पिढ्यानपिढ्या खाडीचं मीठ भातात शिरू नये म्हणून बांध घातले, त्या गावाला हा पोरगा भातात मीठ टाकायला सांगत होता, असंच त्यांना वाटलं.

दगडूनाना म्हणाले, "अरे, मीठच टाकायचं तर खाडीनं काय पाप केलंय? बांध फोडू, फुकट येईल."

"हे मीठ नव्हं, नाना. अमोनियम सल्फेट. यातलं नत्र पिकाला मिळतं."

"नत्र कोन? तुझा मामा?"

तुळसाबाईंनी दोन दाणे उचलून जिभेवर ठेवले. जन्म मिठात गेलेला. जरा वेळ तोंड हलवलं, मग बाहेर जाऊन थुंकून आल्या. "मीठ नाय. जिभेला टोचतं." त्यांनी सांगितलं म्हटल्यावर कोणी पुढे बोललं नाही. फक्त काळुराम हसत म्हणाला, "वयनी, शेताला जेवायला बसवतेस काय? पयलं मीठ वाढलंस, आता लिंबू वाढ." सगळे हसले, तुळसाबाई सर्वांत जास्त.

लावणी झाली, रोपांनी जीव धरला, आणि पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा खत द्यायचा दिवस ठरला. मीही बांधावर जाऊन उभी राहिले. मारुतीनं सांगितलं होतं तसं आधी शेतातलं पाणी काढून टाकलं, तण उपटलं. पानांवरचं दव सुकायची वाट बघितली, कारण ओल्या पानाला खत चिकटलं की पान करपतं. मग कोरड्या मातीत खत मिसळून तुळसाबाई ओळीओळीतून चालल्या, धान्य पेरावं तशी मूठ सोडत, आणि मागून पायानं चिखल कालवत. शेवटी थोडं पाणी घेऊन खांड गच्च बंद करायची. मारुती दोनदा बजावून गेला, "बाई, हे खत पाण्यात विरतं. पाणी गेलं की खत गेलं. खांड गळता कामा नये."

खांड भरायला काळुराम आला. आमच्या देखत त्यानं पेंढा घातला, चिखल दाबला, वरून पाय देऊन सारवल्यासारखं केलं. तुळसाबाईंनी लांबूनच वर एक झेंडूचं फूल टाकलं. "काळूनं बंद केलीय, आता देवाला पन नाय उघडायची," असं मला म्हणाल्या.

पुढे पिकाला रंग चढेल म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. मी रोज देवापुढे दिवा लावताना त्या शेताचंही नाव घेत असे. माझं शेत नव्हे, पण एका घरात राहिलं की काळजी वाटून जाते. रंग काही चढला नाही. कडेनं जरा हिरवं, बाकी फिकं. पाणी मात्र सारखं कमी व्हायचं. तुळसाबाईंनी काळुरामला विचारलं. तो जेवत होता. म्हणाला, "मुठ्यांनी बांध पोखरलाय, वयनी. यंदा मुठे लय." मुठे म्हणजे शेतातले लहान खेकडे, बांधाला बिळं करतात. त्याचं ऐकून तुळसाबाई दोन दिवस वाकून बांधभर फिरल्या, सापडेल ते बीळ बुजवलं. खांड तेवढी सोडून. तिथं हात लावायचा नव्हता, आणि लावायचं कारणही नव्हतं, ती काळूनं भरलेली होती.

मारुती खत देऊन गेला होता त्यातलं निम्मं राखलेलं होतं. पोटरी धरायच्या, म्हणजे कणीस पोटात भरायच्या आधी ते द्यायचं. ते दिलं. पुन्हा काळुरामनं खांड भरली. पुन्हा तसंच. मारुती शेताकडे बघून डोकं खाजवत राहिला. "पाणी कुठंतरी जातंय, बाई," एवढंच म्हणाला.

गौरी आल्या. मला गौर आणायची होती, आणि तेरडा कुठं चांगला फुलतो ते दाखवायला तुळसाबाई माझ्याबरोबर आल्या. त्यांना स्वतःला गौर आणायची नव्हती, म्हणून चार पावलं मागून चालत होत्या. खाडीच्या मोठ्या बांधावर तेरडा होता. तिथं चढलं की सगळी शेतं पायाखाली दिसतात, एरवी आतून चालताना दिसत नाहीत तशी. मी फुलं तोडत होते. थोड्या वेळानं बघितलं तर तुळसाबाई शेतांकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मास्तरीनबाय, इथं या. मना काय दिसतं ते तुमाला दिसतं काय सांगा."

वर त्यांचं शेत, फिकट, पिवळसर. खाली काळुरामचं. ते साधं हिरवं, गावातल्या सगळ्यांसारखं. पण त्यात एक पट्टा काळाभोर हिरवा होता, उंच, माजल्यासारखा. सूप धरावं तसा आकार. खाली रुंद पसरलेला आणि वर निमुळता होत होत अगदी एका जागी येऊन टेकलेला. ती जागा म्हणजे खांड.

काही समजावून सांगावं लागलं नाही. जे खत त्यांनी मूठमूठ टाकलं ते जिथून गेलं तिथून पसरत उगवलं होतं. मला वाटलं त्या आता रडतील किंवा शिव्या देतील. त्यांनी माझ्या हातातली फुलं नीट बांधून दिली आणि म्हणाल्या, "तुमी गौर घेऊन घरी जा. वाटेत मागं बघायचं नाय, गौर घेतलीय."

मी गेले नाही. गौर छातीशी धरून त्यांच्या मागोमाग लहान बांधावर गेले. कोणी रागावलं असतं, पण मला त्यांना एकटं सोडवेना. त्या खांडीपाशी गुडघ्यावर बसल्या. एकदा गावदेवीच्या दिशेनं हात जोडले. मग चिखलात हात घातला, कोपरापर्यंत. वरचा चिखल घट्ट होता. खाली हात पोचला तेव्हा थांबल्या, आणि ओढून बाहेर काढला तो बांबू. दोन हात लांब, आतली पेरं फोडून पोकळ केलेला, वरच्या तोंडाला गवताचा सैल बोळा, पाणी जावं पण चिखल शिरू नये असा. दोन्ही वेळा त्यानं आमच्या देखत खांड भरली होती. बांबू आधीच घालून ठेवलेला असणार, आम्ही बघत होतो तो फक्त वरचा चिखल.

पलीकडच्या शेतात गोदा तण बेणत होती. तिनं मान वर केली. बांबूकडे नाही बघितलं. तुळसाबाईंच्या कोपरापर्यंत माखलेल्या हाताकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

गौरी उठल्यावर देवळात बैठक झाली. तुळसाबाईंनी बांबू देवीपुढे ठेवला आणि जे झालं ते सरळ सांगितलं. वाढवून नाही, रडून नाही. काळुराम खाली बघून बसला होता.

दगडूनानांनी त्याला विचारलं, "तू घातलास?"

"बांबू काय, कुठला पन असतो. मुठे..."

"काळू," तुळसाबाई म्हणाल्या, "मुठे बांबूची पेरं फोडतात?"

कोणीतरी मागे हसलं. काळुराम एकदम म्हणाला, "तुला काय उपाशी ठेवनार होतो मी? तांदूळ दिलंच असतं ना. मना चार पोरं हायत. एका शेतात किती जन खानार? तुला मागाहून कोन हाय?"

मी बायकांत बसले होते. ते वाक्य ऐकून तुळसाबाईंची मान जरा हलली, कोणी पाठीत हलकेच मारावं तशी. बांबू सापडला तेव्हा त्या एवढ्या हलल्या नव्हत्या. तुला मागाहून कोण आहे. आणि हे विचारणारा तो.

मला वाटलं, कबूलच झालं, आता न्याय होईल. दगडूनानांनी सुपारी एका गालात सारली. मग म्हणाले, "बांबू कोनी घातला ते देवीला ठाव. खांडीत हात कोनी घातला ते आमा सगल्यांना ठाव. तुळसा, तू मना सांगायचंस. मी पुरुष मानूस पाठवला असता."

"आनि त्या पुरुष मानसानं काळूला आदी जाऊन सांगितलं असतं, नाना. सकाळपर्यंत तिथं बांबू नसता."

"ते कायपन असू दे. आन मोडली. आता खाडीनं बांध फोडला तर गाव कोनाला विचारनार?"

कणगीचं कोणी नावच घेतलं नाही. शेत काळूनं करायचं असं ठरलं, वहिनीला वर्षाचे तांदूळ द्यायचे असं ठरलं, आणि देवीला नारळ द्यायचा तो तुळसाबाईंनी. यांनी उठून दोन शब्द बोलायचा प्रयत्न केला. "मास्तर, तुमी बदलीवर आलेली मानसं," असं म्हणून त्यांना बसवलं.

मला देवीबद्दल राग आला नाही. माणसं निघून गेल्यावर मी तिच्यापुढे थोडा वेळ बसले. एका बाईनं आपलं स्वतःचं पाणी चोरीला जातंय का ते हात घालून बघितलं, याचं त्या माउलीला वाईट वाटलं असेल हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. निघताना मी तो बांबू उचलला आणि घरी आणून तुळसाबाईंना दिला. का दिला ते सांगता येत नाही. देवळात पडून राहिलेला बघवला नाही.

काळुरामच्या शेतातला तो काळा पट्टा पुढे इतका माजला की ओंबी धरायच्या वेळी पहिल्याच वाऱ्याला आडवा पडला. त्यातलं बरंच पोचट निघालं. मारुती म्हणाला, खत एका जागी फार झालं की असंच होतं. त्याचा कोणाला उपयोग झाला नाही. तुळसाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माझं बी गेलं, त्याचं बी लोळलं. त्यात मना काय मिलालं?" तुळसाबाई नोव्हेंबरात मिठागरावर गेल्या आणि मग पावसातही लोकांच्या शेतावर लावणीला जाऊ लागल्या. स्वतःच्या शेताच्या बांधावरून मात्र कधी गेल्या नाहीत. लांबून वळसा घालायच्या.

काळुराम दुपारी जेवायला यायचा बंद झाला होता. पण कापणी-मळणी झाली आणि ठरल्याप्रमाणे तो तांदळाची टोपली घेऊन आला. मी माझ्या चुलीपाशी होते. तुळसाबाईंनी टोपली उतरवून घेतली, सुपात ओतून दाणा बघितला, आणि म्हणाल्या, "बस. च्या घेऊन जा." आवाज नेहमीसारखा. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. बसला तो आपल्या जुन्या जागी, भिंतीला टेकून. पोरांचं काहीबाही सांगू लागला.

चूल विझत आली होती. तुळसाबाईंनी कोनाड्यातून फुंकणी घेतली. हातभर कापलेला बांबू, एका तोंडाला कोयत्याची तिरपी खूण. ती खूण त्याच्याच कोयत्याची, ज्यानं घातली त्याला ती ओळखू येणारच. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चुलीत वाकून सावकाश फुंकत राहिल्या. जाळ झाला, चहा उकळला, त्यांनी कपबशी त्याच्या पुढ्यात ठेवली. काळुरामचं बोलणं मध्येच थांबलं होतं. तो फुंकणीकडे बघत होता. चहाला साय आली. मग तो उठला आणि "येतो" असं काहीतरी पुटपुटत गेला.

पुढच्या वर्षापासून तांदूळ गोदा आणून देऊ लागली. तीही उंबऱ्याच्या आत येत नसे.

त्यांनी ते मुद्दाम केलं की काय, हे मला बरेच दिवस विचारायचं होतं. आमची बदली कळव्याला झाली, सामान बांधून झालं, आणि शेवटचा चहा पडवीत घेताना मी विचारलंच. "तुळसाबाई, बांबूची कमी नव्हती, फुंकणी दुसरी करता आली असती."

त्यांनी फुंकणी हातात घेऊन जरा फिरवून बघितली.

"बांबू चांगला हाय," त्या म्हणाल्या. "आतून साफ केलेला. पानी गेलं, तर वारा पन जातो." आणि चुलीकडे वाकल्या.